खुब्याचे हाड आणि त्याचा राखणदार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात, अस्थिरोगतज्ज्ञ असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या व्यासपीठावर हाडे मोडण्याचा विषय काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. पण शाळेला साठ वर्षे झाली, याचा अर्थ साठ वर्षांपूर्वी पाटी-दप्तर घेऊन पहिलीच्या वर्गात बसलेली मुले आज पासष्टीच्या पलीकडे गेली आहेत. त्यांना अक्षरे गिरवायला शिकवणारे जे गुरुजन सुदैवाने आज आपल्यात आहेत, ते ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. समोर बसलेले पालक बहुतेक चाळिशीतले, पण त्यांच्या घरी आई-वडील, सासू-सासरे आहेत. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या आपल्या या शहरात आणखी एक गोष्ट घडते आहे. मुले नोकरीच्या निमित्ताने दुसऱ्या शहरांत किंवा परदेशी गेली आहेत आणि मोठ्या घरात दोघेच वृद्ध, कधी कधी तर एकटेच कोणी, मागे राहिले आहे. अशा घरात रात्री कोणी पडले, तर सकाळी दूधवाला दार वाजवीपर्यंत कोणाला कळतही नाही. म्हणून हा विषय तिन्ही पिढ्यांचा आहे.

मला आज सांगायचे आहे ते थोडक्यात असे. उतारवयात खुबा मोडतो तेव्हा आपण सारा दोष हाडाला देतो. हाडांची घनता मोजतो, कॅल्शियमच्या गोळ्या आणतो. ते योग्यच आहे. परंतु त्या हाडाच्या भोवती एक राखणदार उभा असतो आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. तो राखणदार म्हणजे खुब्याभोवतीचे स्नायू. हाड मोडण्याच्या कितीतरी वर्षे आधी हा राखणदार अशक्त झालेला असतो. समाधानाची गोष्ट अशी, की तो कोणत्याही वयात पुन्हा सशक्त करता येतो.

प्रथम खुबा म्हणजे काय ते पाहू. ‘आजी पडल्या आणि कंबर मोडली’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कंबर मोडलेली नसते. मांडीचे लांब हाड वरच्या बाजूला कमरेच्या हाडाला जिथे मिळते, तो सांधा म्हणजे खुबा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखे गोल डोके असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात बसते. डोके आणि हाडाचा दांडा यांना जोडणारा जो अरुंद, तिरका भाग असतो, त्याला मान म्हणतात. मानेच्या खाली, बाहेरच्या बाजूस, हाडाचा एक उंचवटा असतो. कुशीवर निजल्यावर गादीला टेकतो तोच हा उंचवटा. उतारवयात हाड मोडते ते बहुधा मानेत किंवा या उंचवट्याच्या आसपास.

‘आधी हाड मोडले आणि मग त्या पडल्या’ असे अनेक नातेवाईक मला सांगतात. क्वचित तसे घडतेही. परंतु खुब्याच्या दर दहा अस्थिभंगांपैकी नऊहून अधिक पडण्यामुळेच होतात. हे पडणे जिन्यावरून किंवा झाडावरून नसते, केवळ उभ्याच्या उंचीवरून असते. न्हाणीघराच्या उंबऱ्याशी, पलंगावरून उठताना, रात्री दिवा न लावता पाणी प्यायला जाताना माणूस पडतो. दुसरीकडे असेही दिसते, की वृद्ध माणसे जितक्या वेळा पडतात, त्यांपैकी शंभरात एखाद्याच वेळी खुबा मोडतो. मग त्या एका वेळी वेगळे असे काय घडते?

त्याचे एक मोठे उत्तर पडण्याच्या दिशेत आहे. पुढे पडणारा माणूस हात टेकतो, त्याचे मनगट मोडू शकते. मागे पडणारा बसकण मारतो. कुशीवर पडणाऱ्याचा मात्र सारा भार त्या बाहेरच्या उंचवट्यावर येतो. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की कुशीवर पडणाऱ्याचा खुबा मोडण्याचा धोका इतर प्रकारे पडणाऱ्यांपेक्षा सुमारे सहापट असतो. म्हणजे हाड किती ठिसूळ आहे एवढाच प्रश्न नाही. माणूस पडतो का, पडताना स्वतःला सावरू शकतो का आणि कोणत्या बाजूला पडतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. आणि हे तिन्ही प्रश्न स्नायूंचे आहेत.

हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा नाही. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात झालेल्या पाहणीत पन्नाशीपुढील दर एक लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १२९ जणांचा खुबा मोडतो असे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण १५९ आणि पुरुषांत १०५ होते. २०११च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढील माणसे सुमारे १०.४ कोटी होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीच्या अहवालानुसार २०५० साली ती ३१.९ कोटींच्या घरात जातील. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी दर चार-पाच जणांमागे एक जण वर्षभरात दगावतो, असे जगभरच्या पाहण्या सांगतात. जे वाचतात, त्यांतील जवळजवळ निम्म्यांना पूर्वीसारखे चालता येत नाही. काल स्वतः भाजी आणणारी व्यक्ती आज शौचासाठी दुसऱ्याचा हात शोधते. या परावलंबनाचे दुःख हाडाच्या दुखण्यापेक्षा मोठे असते.

आता त्या राखणदाराची ओळख करून घेऊ. नितंबात तीन मुख्य स्नायू एकावर एक रचलेले असतात : मोठा, मधला आणि लहान. वैद्यकात त्यांना ग्लूटिअस मॅक्सिमस, मीडिअस आणि मिनिमस म्हणतात. मोठा स्नायू आपल्याला बसलेल्या स्थितीतून उठवतो आणि जिना चढवतो. मधला आणि लहान हे कमरेच्या बाहेरच्या बाजूला असतात. त्यांचे काम वरवर पाहता दिसत नाही, पण ते फार मोलाचे आहे. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला ढळू न देणे, हे ते काम. तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला एका पायावर उभे राहू? पण चालणे म्हणजे दुसरे काय असते? चालताना सुमारे चार-पंचमांश वेळ आपले शरीर एकाच पायावर तोललेले असते. प्रत्येक पावलाला एक पाय हवेत असतो आणि जमिनीवरच्या पायाचा मधला स्नायू सारे शरीर तोलून धरतो.

फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदाने १८९५ साली ही गोष्ट एका साध्या परीक्षेतून दाखवून दिली. रुग्णाला पाठमोरे करून एका पायावर उभे राहायला सांगायचे. मधला स्नायू दुबळा असेल, तर उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकते. आज सव्वाशे वर्षांनंतरही आम्ही दवाखान्यात हीच परीक्षा करतो. तिला ना यंत्र लागते ना वीज.

या स्नायूवर भार किती येतो, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल. बागेतल्या खाली-वर होणाऱ्या फळीची कल्पना करा. फळीच्या लांब बाजूला बसलेले लहान मूल आखूड बाजूला बसलेल्या मोठ्या माणसालाही तोलून धरते. एका पायावर उभे असताना शरीराचे वजन खुब्याच्या सांध्यापासून दूर, लांब बाजूला असते आणि मधला स्नायू जवळून, आखूड बाजूने ओढत असतो. त्यामुळे त्याला शरीराच्या वजनापेक्षा पुष्कळच जास्त जोर लावावा लागतो. साध्या चालण्यात खुब्याच्या सांध्यावर वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत तो दीडशे किलोंच्या जवळपास भरतो, आणि तोही दर पावलाला.

आपल्या शाळेच्या मैदानावर आपण सगळेच लंगडी खेळलो आहोत. एका पायावर उड्या घेत समोरच्याला गाठायचे, पाय टेकला की बाद. मधल्या स्नायूसाठी याहून उत्तम व्यायाम मला सांगता यायचा नाही. खो-खोत चौकात बसलेला गडी ‘खो’ मिळताच उसळून उठतो, तो मोठ्या स्नायूच्या बळावर. आणि गुरुजनांनी शिक्षा म्हणून काढायला लावलेल्या उठाबशा आज मी माझ्या रुग्णांना औषध म्हणून लिहून देतो. शाळा सुटली तशी आपली लंगडी सुटली, खो-खो सुटला, पुढे जमिनीवर मांडी घालून बसणेही सुटले. स्नायूंना मागणीच उरली नाही, तेव्हा शरीराने पुरवठा बंद केला.

हे स्नायू हाडाचे रक्षण तीन प्रकारे करतात. पहिला प्रकार म्हणजे पडूच न देणे. ओल्या फरशीवर पाय घसरला की क्षणार्धात दुसरा पाय बाजूला टाकून शरीर सावरावे लागते. हे काम झटपट आखडणाऱ्या स्नायुतंतूंचे आहे आणि वयाबरोबर हेच तंतू अधिक झिजतात. म्हणूनच शक्ती पुष्कळ शिल्लक आहे असे वाटणारा माणूसही ऐनवेळी सावरू शकत नाही. दुसरा प्रकार हाड घडवण्याचा. हाड ही निर्जीव काठी नाही. जिथे ताण पडतो तिथे हाड बळकट होते आणि ताण हटला की विरळ होते, असे बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडले. खुब्याच्या हाडावर ताण देणारे मुख्य बळ स्नायूंचेच आहे. स्नायू ओढेनासा झाला की हाडही आळसावते. तिसरा प्रकार, पडणे टळलेच नाही तर त्याचा आवेग कमी करणे. बळकट पायांचा माणूस कोसळत नाही, गुडघे वाकवत खाली येतो, बाजूला वळतो, हात पुढे करतो. तेवढ्यानेही आघात विभागला जातो.

यावर कोणी विचारील, स्नायू लहान असला तर हाड मोडते, याला पुरावा काय? अमेरिकेतील पिट्सबर्ग आणि मेंफिस या दोन शहरांत सत्तर ते एकोणऐंशी वर्षांच्या सुमारे तीन हजार स्त्री-पुरुषांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांच्या मांडीच्या स्नायूंचे सी. टी. स्कॅन काढून ठेवले होते. पुढच्या वर्षांत कोणाचा खुबा मोडला, याच्याशी ती चित्रे ताडून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. स्नायूच्या आकारापेक्षाही त्याच्या घनतेचा संबंध अधिक दाट निघाला. ज्यांच्या स्नायूंत चरबी शिरून घनता उतरली होती, त्यांच्यात घनतेच्या प्रत्येक प्रमाणित पायरीमागे धोका सुमारे दीडपट वाढत होता. महत्त्वाची गोष्ट अशी, की हाडांची घनता हिशेबात धरल्यानंतरही हा संबंध टिकून राहिला. चीनमधील संशोधकांनी खुबा मोडलेल्या आणि न मोडलेल्या स्त्रियांच्या नितंबांचे स्नायू अशाच प्रकारे तपासले, तेव्हा त्यांनाही दोन्ही गटांतील स्नायूंच्या दर्जात स्पष्ट फरक आढळला.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही, की टेपने घेर मोजून समाधान मानू नये. बाहेरून भरदार दिसणाऱ्या मांडीच्या आत स्नायूची जागा चरबीने घेतलेली असू शकते. वजन तेच राहते, कपडे तेच होतात आणि माणूस ‘माझी तब्येत होती तशीच आहे’ असे समजत राहतो. दुसरी ही, की अशा पाहण्या संबंध दाखवतात, कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध करीत नाहीत. जो आजारी आहे, जो घराबाहेर पडत नाही, त्याचे हाड आणि स्नायू दोन्ही एकाच वेळी झिजतात. म्हणून हाडाची तपासणी सोडून केवळ स्नायूंच्या मागे लागा, असे मी म्हणत नाही. ऑस्टिओपोरोसिसची औषधे ज्यांना दिली आहेत, त्यांनी ती मुळीच बंद करू नयेत. हाड आणि स्नायू ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

स्नायू झिजतात का? वयाचा भाग त्यात आहेच. तिशीनंतर स्नायूंची वाढ थांबते आणि पन्नाशीनंतर दर वर्षी सुमारे एक टक्का स्नायुभार कमी होत जातो. बळ तर त्याहूनही वेगाने घटते. या झिजेला अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. पण वयाने जेवढे जाते, त्याच्या कितीतरी पट बसून राहण्याने जाते. २००७ साली अमेरिकेत निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिले. तेवढ्या काळात त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुभार नाहीसा झाला. आपल्याकडे साध्या तापानंतरही ‘पंधरा दिवस पडून राहा’ असा सल्ला मायेने दिला जातो. त्याची किंमत काय असते, याचा यावरून अंदाज यावा.

इथे मला पालकांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. आपल्या संस्कृतीत वडीलधाऱ्यांची सेवा हा मोठा गुण मानला जातो आणि तो आहेच. परंतु ‘आई, तुम्ही बसा, मी आणते’, ‘बाबा, जिना चढू नका’, ‘तुम्ही कशाला उठता, आम्ही आहोत ना’ या वाक्यांतून आपण त्यांच्या हातून रोजचा व्यायाम काढून घेत असतो. पाण्याचा तांब्या हातात दिला, ताट पलंगावर नेले, देवपूजेसाठी खुर्ची मांडली, की दिवसातले पंधरा-वीस वेळा उठणे-बसणे थांबते. ज्यांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे खाली बसता येत नाही त्यांना खुर्ची अवश्य द्यावी. पण ज्यांना बसता येते, त्यांना बसू द्यावे, आणि उठतानाही त्यांचे त्यांना उठू द्यावे. हात पुढे करावा तो पडू नयेत म्हणून, त्यांच्या वतीने उठण्यासाठी नव्हे. ब्राझीलमधील डॉक्टरांनी एक परीक्षा तयार केली. माणसाने हाताचा, गुडघ्याचा आधार शक्य तितका न घेता जमिनीवर बसावे आणि उठावे, आणि त्याला दहापैकी गुण द्यावेत. २०१२ साली त्यांनी दोन हजार लोकांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचे गुण कमी, त्यांचे पुढील काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते. आपल्या आजोबा-आजींनी ही परीक्षा दररोज पंगतीत दिली आणि तिला कोणी परीक्षा म्हटले नाही.

आता सर्वांत आशादायक भागाकडे येतो. ‘या वयात आता काय व्हायचे?’ हा प्रश्न मी रोज ऐकतो. त्याचे उत्तर १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धसेवा रुग्णालयातून मिळाले. तेथे राहणाऱ्या दहा दुर्बल वृद्धांनी, ज्यांचे सरासरी वय नव्वद होते, आठ आठवडे पायांसाठी वजनाचे व्यायाम केले. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले आणि मांडीच्या स्नायूंचा आकार ९ टक्क्यांनी वाढला. आकारापेक्षा बळ कितीतरी पटींनी वाढले, हे ध्यानात घ्या. आधी मज्जातंतू जागे होतात, मग स्नायू भरतो. पुढे १९९४ साली त्याच संशोधकांनी शंभर वृद्धांवर अधिक काटेकोर प्रयोग केला, तेव्हाही व्यायामाने बळ दुपटीहून अधिक झाले. केवळ पौष्टिक पेय दिलेल्या गटात मात्र तसे घडले नाही. अन्न ही वीट आहे, पण भिंत बांधणारा गवंडी म्हणजे व्यायाम.

व्यायामाने प्रत्यक्ष पडणे कमी होते का, याचे उत्तरही आता निश्चितपणे मिळाले आहे. २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने २५ देशांतील १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झाले. तोलाचे व्यायाम आणि बळाचे व्यायाम एकत्र केले, तिथे ते ३४ टक्क्यांच्या आसपास घटले. नुसत्या चालण्याचा असा खात्रीचा लाभ मात्र दिसून आला नाही. सकाळच्या फेरीला जाणाऱ्या माझ्या मित्रांना हे ऐकून वाईट वाटेल. हृदयासाठी, मनासाठी चालणे उत्तमच आहे, ते सोडू नका. पण सपाट रस्त्यावर चालणे हे खुब्याच्या स्नायूंना नवे काही मागत नाही. त्यांना थोडे अधिक मागावे लागते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाने ऐंशीपुढील स्त्रियांसाठी घरच्या घरी करायचा व्यायामक्रम आखला, त्यात पाय बाजूला उचलण्याचा व्यायाम मुद्दाम घातला आहे, तो याच कारणाने.

मग घरी काय करावे? आधी स्वतःची परीक्षा घ्या. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसा, हात छातीशी घ्या आणि पाच वेळा पूर्ण उभे राहून बसा. आशियातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषानुसार याला बारा सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पायांचे बळ घटले आहे असे समजावे. हातांचा आधार घेतल्याशिवाय उठताच येत नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच पुढे जावे.

व्यायाम चारच सांगतो. पहिला, खुर्चीतून उठणे-बसणे : आठ ते दहा वेळा, दोन फेऱ्या. सोपे वाटू लागले की बसण्याची गती कमी करा, मग हातात पाण्याची भरलेली बाटली घ्या. दुसरा, स्वयंपाकाच्या ओट्याला धरून उभे राहा आणि एक पाय सरळ ठेवून बाजूला उचला, कंबर न झुकवता. हा मधल्या स्नायूचा खास व्यायाम. तिसरा, उताणे निजून गुडघे वाकवा आणि कंबर वर उचलून धरा. हा मोठ्या स्नायूसाठी. चौथा, ओट्याजवळच एका पायावर दहा सेकंद उभे राहा, आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका बोटाच्या आधाराने. आठवड्यातून तीन दिवस पुरे, पण ते तीन दिवस वर्षभर हवेत. शेवटच्या एक-दोन वेळा जड वाटले पाहिजे. काहीच जड वाटत नसेल, तर स्नायूला निरोप पोहोचलेलाच नसतो. हृदयविकार, चक्कर, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा तीव्र सांधेदुखी असेल, तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच आरंभ करावा.

आहाराविषयी एवढेच, की वृद्धांच्या ताटातून प्रथिने गळून जातात. दात नाहीत, भूक नाही, म्हणून सकाळी चहा-बिस्किट आणि रात्री दूध-भात यांवर दिवस निघतो. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिने लागतात, असे तज्ज्ञ सांगतात. घट्ट वरण, मऊ शिजवलेली उसळ, पिठले, दही, पनीर, चालत असेल त्यांना अंडी-मासे, यांतले काही प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारावे. घरात न्हाणीघराला धरायला दांडी, रात्री मंद दिवा, सरकणारी पायपुसणी काढून टाकणे, चष्मा तपासून घेणे आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार करणे, हेही तितकेच आवश्यक.

आणि इतके करूनही खुबा मोडलाच, तर? तेव्हा ‘वय झाले, आता कशाला शस्त्रक्रिया’ असे म्हणून वडीलधाऱ्यांना अंथरुणाला खिळवू नका. त्या पडून राहण्यातूनच निमोनिया, अंथरुणाच्या जखमा आणि पायांतील रक्ताच्या गुठळ्या उद्भवतात. प्रकृती साथ देत असेल, तर शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करावे, असाच आजचा वैद्यकीय संकेत आहे. उभे करणे म्हणजे छळ नव्हे, तोच उपचार आहे. आणि एक खुबा मोडला याचा अर्थ दुसऱ्या खुब्याच्या राखणदाराला आता तरी जागे करायचे आहे.

शेवटी शाळेच्या कार्यकारी मंडळाला एक विनंती. आपल्या शाळेचे मैदान सकाळी वर्ग भरेपर्यंत मोकळे असते. आठवड्यातून तीन दिवस, एक तास, ते ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांच्या घरातील वृद्धांसाठी खुले करावे. व्यायाम शिक्षक आपल्याकडे आहेत. खुर्च्या वर्गांतून आणता येतील. पहिला महिना मी स्वतः येईन आणि प्रत्येकाची परीक्षा घेऊन नोंद ठेवीन. एकट्याने घरी केलेला व्यायाम चार दिवसांत सुटतो, सोबत्यांबरोबर केलेला टिकतो, हे आपण मैदानावरच शिकलो आहोत. ज्यांच्या घरात एकटे ज्येष्ठ आहेत, त्यांची आठवड्यातून तीनदा कोणी चौकशी करील, हा लाभ वेगळाच.

या शाळेने परप्रांतात आपली भाषा साठ वर्षे उभी ठेवली. ती भाषा बोलणारी माणसेही आपल्या पायांवर उभी राहावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.